मागे उभं राहणारं माणूस

बेव्हर्ली, यॉर्कशायर
३ मार्च १९९४

प्रिय विल्फ्रेड,

मी कॅरव्हान घ्यायचं ठरवलं आहे. हसून झालं की पुढचं वाच.

माझ्या लेनर्डला तुमच्या त्या चाकांवरच्या खोल्यांचा किती तिटकारा होता हे तुला माहीत आहे. ज्यांना घर सोडवत नाही आणि घरात बसवतही नाही अशा माणसांचं ते वाहन, असं तो म्हणायचा. दर नाताळला तू त्याच ओल्या कुरणाचे फोटो भिंतीवर दाखवायला लागलास की तो माझ्याकडे बघून सावकाश घड्याळाला किल्ली द्यायचा. माझं मत त्याच्याहून वेगळं नव्हतं, आजही नाही.

पण तो गेल्यावर मी स्कार्बरोला एका हॉटेलात आठवडाभर राहून आले. एकट्या बाईला तिथे कुठलं टेबल देतात ठाऊक आहे? स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं. वेटर रोज संध्याकाळी विचारायचा, "आज पण एकट्याच का?" जसं काही दुपारभरात मी कुणाला तरी पैदा करून आणणार होते. निघताना मी ठरवलं, यापुढे माझं टेबल माझ्याबरोबर येईल.

लेनर्डची व्होल्वो मोटार आहेच, तिला मागे ओढायचा आकडा बसवून घेते. एका अख्ख्या शाळेचं स्वयंपाकघर मी इतकी वर्षं चालवलं, तेव्हा एक खोकं ओढायला जड जाऊ नये. तुझ्याकडून एवढंच हवं आहे: घेताना काय बघायचं? उपदेश नको, माहिती दे.

एडनाला माझं प्रेम सांग. तुमच्या लेकीचं, ज्युडिथचं, काही पत्र येतं का?

तुझी बहीण,
मुरिएल


कार्नफर्थ, लँकशायर
१० मार्च १९९४

प्रिय मुरिएल,

हसून झालं. एडनालाही सांगितलं. ती हसली नाही, पण माझ्या बायकोला विनोद कळायला वेळ लागतो.

शाळेत कोबी उकडण्याचा आणि कॅरव्हान ओढण्याचा काडीचा संबंध नाही, हे आधी डोक्यात घाल. तुझ्यासारख्या बायका आत शिरल्याबरोबर पडदे बघतात. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पडदे नवे लावतो आणि छत तसंच गळतं ठेवतो. तू पडद्यांकडे बघूच नकोस. मुद्दाम पावसाच्या दिवशी जा. सगळे कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत, पलंगाखालची फळी, सगळं अंगठ्याने दाबून बघ. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं दबलं तर समज आत ओल गेली आहे, आणि एकदा गेलेली ओल माणसाच्या खोडीसारखी असते, बाहेर येत नाही. दार उघडल्याबरोबर नाक वापर. कुबट वास आला तर मागे फीर. लिंबाचा सुवास आला तर पळ, कारण तिथे कुबट वास लपवलेला आहे.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नकोस. कॅरव्हानचे टायर झिजत नाहीत, उभ्याउभ्या म्हातारे होतात. त्यांच्या बाजूंना भेगा आहेत का ते वाकून बघ, वाकता येत असेल तर. आणि सामान भरून झाल्यावरसुद्धा मागचं खोकं मोटारीपेक्षा चांगलं हलकं असलं पाहिजे. नाहीतर उतारावर कोण कुणाला नेतंय हे तुलाच कळणार नाही.

कॅरव्हान मागे घेणं तुला जमणार नाही, हे आत्ताच लिहून देतो. त्याला मागे उभं राहणारं माणूस लागतं, हातवारे करून सांगणारं. माझ्याकडे एडना आहे. तीस वर्षं तिला एकच गोष्ट शिकवतो आहे: आरशात दिसशील अशी उभी राहा, दिसली नाहीस तर मी थांबणार नाही. अजून चुकते. मागच्या वर्षी वेल्सला नेमकी अशा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली की मी नळाच्या खांबाला धडकलो, आणि वर म्हणते, "मी ओरडत होते ना." ओरडणं आरशात दिसतं का?

मुक्कामाच्या जागी तुझ्या मदतीला कुणी येईल अशी आशा ठेवू नकोस. सगळे आपापल्या पडद्यांआडून, हातात चहाचा कप घेऊन बघतील. ती आमच्यातली रीत आहे. बघायचं, मदत करायची नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. त्यामुळे माणसाची अब्रू राहते. ज्याला एवढंही कळत नाही तो आमच्यातला नव्हे.

ज्युडिथची पत्रं एडनाला येतात. मी विचारत नाही.

तुझा भाऊ,
विल्फ्रेड


बेव्हर्ली
२ एप्रिल १९९४

प्रिय विल्फ्रेड,

घेतली.

पावसातच गेले. एका विक्रेत्याच्या अंगणात ओळीने उभ्या होत्या, आणि एकामागून एक अंगठा आत जात होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, असं दाबत सुटलात तर कुठलीच गाडी टिकणार नाही." मी म्हटलं, "तेच बघायला आले आहे." लिंबाचा वासही आला, आणि निघताना तो त्या विक्रेत्याच्या अंगालाही येत होता. माझी मला ड्रिफिल्डच्या एका विधुराकडे मिळाली. कोरडी ठणठणीत, आत कुत्र्याचा वास, आणि पडदे असे तपकिरी की बघून मळमळावं. म्हणजे तुझा नियम तंतोतंत पाळला गेला. विकताना तो रडला. तुम्हा लोकांचं मला खरंच नवल वाटतं.

रविवारी गुरांच्या बाजाराचं मैदान रिकामं असतं, तिथे मागे घ्यायला शिकते आहे. स्टिअरिंगचं चाक डावीकडे फिरवलं की खोकं उजवीकडे जातं. म्हणजे लहानपणी तुझ्याशी वागायचे तसंच वागायचं, हवं असेल त्याच्या उलट सांगायचं. हे लक्षात आल्यापासून बरंच जमतं आहे.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात लॉकइन्व्हरला जावं म्हणते. ज्युडिथला लग्न होऊन स्कॉटलंडच्या त्या टोकाला जाऊन नऊ वर्षं झाली, तिची कर्स्टी आठ वर्षांची झाली, आणि आपल्यापैकी एकानेही त्या पोरीचं तोंड पाहिलेलं नाही. तुला गाडी आहे, कॅरव्हान आहे, निवृत्त होऊन काही उद्योग नाही, आणि दर उन्हाळ्यात तू वेल्सच्या त्याच कुरणात जाऊन बसतोस. तुझ्या डोक्यात काय भरलं आहे ते तूच जाणे. निदान रस्ता कसा आहे तेवढं सांग.

आणि तुझ्या अक्षराला काय झालंय? बसच्या डेपोत तुझ्या वेळापत्रकांचं अक्षर बघायला माणसं यायची म्हणून सांगायचास. या खेपेला सगळ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्या होत्या, आणि शेवटच्या दोन एकमेकींच्या अंगावर.

मुरिएल


कार्नफर्थ
११ एप्रिल १९९४

प्रिय मुरिएल,

हे पत्र मी सांगतो आहे आणि एडना लिहून घेते आहे, कारण माझा हात मुरगळला आहे. (हात ठणठणीत आहे. एडना.)

कुत्र्याचा वास असलेली गाडी घेतलीस, तुला शोभेलशी. आता ती भरायची कशी ते ऐक, कारण इथे शहाणी माणसंसुद्धा गाढवपणा करतात. जड सामान खाली आणि चाकांच्या बरोबर वर ठेवायचं. डबाबंद खाणं, पाण्याची पिंपं, तुझी ती ओतीव लोखंडाची भांडी, सगळं मध्ये. मागच्या टोकाला काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मागे जड झालं की नाक उचललं जातं, आणि मग शेपूट हलायला लागते. (मागच्या टोकाला याचे बियरचे डबे असतात. मी दरवेळी पुढे आणून ठेवते. त्याला माहीत नाही.)

शेपूट हलायला लागली, म्हणजे मागची गाडी डावी-उजवी झोके घेऊ लागली, की बाईमाणूस काय करतं? ब्रेक दाबतं. आणि मग दोन्ही गाड्या शेतात उलट्या सापडतात. ब्रेकला पाय लावायचा नाही. वेग वाढवायचा नाही. चाकाशी झटापट करायची नाही. चाक सरळ धरायचं, पाय उचलायचा आणि ती आपोआप शांत होईतो तोंड बंद ठेवायचं. शेवटचं तुला सर्वात कठीण जाईल. (हे मात्र तो खरं सांगतो आहे. नीट लक्षात ठेव.)

लॉकइन्व्हरचं नाव काढू नकोस. तो रस्ता कॅरव्हानसाठी नाहीच. एकच गाडी जाईल एवढा अरुंद, समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने पार मागे जाऊन बाजूच्या खाचेत उभं राहायचं. मी एवढ्याचसाठी कधी गेलो नाही. दुसरं कारण नाही. (मासळीची मोठी लॉरी रोज त्या रस्त्याने जाते. ज्युडिथने लिहिलं आहे.) तिथे जाऊन बघायचं तरी काय? पाऊस, मेंढ्या आणि शाळेतल्या पोरांना व्हायोलिन शिकवून पोट भरणारा एक इसम. जायचंच असेल तर वेल्सला जा. (तीस उन्हाळे. तोच कोपरा, तीच शेजारीण, संडासाचा डबा रिकामा करायला तीच पायवाट.)

एडना विचारते आहे सही कुठे करू. (विचारलं नाही. पेन त्याच्या हातात दिलं आणि बोट धरून ओळीवर ठेवलं.)

विल्फ्रेड


कार्नफर्थ
१२ एप्रिल १९९४

प्रिय मुरिएल,

कालच्या पत्रातल्या माझ्या कंसांबद्दल क्षमा कर. पाकीट बंद करायच्या आधी फाडून टाकावंसं वाटलं, पण मग तसंच टपालात टाकलं. आता अर्धं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगते.

त्याचे डोळे गेले आहेत. पूर्ण नाही, मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की तो माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघतो. फेब्रुवारीत डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि त्याने परवाना परत केला. शेजाऱ्यांनासुद्धा कळू दिलेलं नाही. कॅरव्हान अंगणात उभी आहे. दर शनिवारी तो तिच्यात जाऊन बसतो, आणि मी मागच्या दारातून चहा नेऊन देते. आम्ही दोघं तिथे बसून खिडकीतून आमच्याच कचऱ्याच्या पिंपाकडे बघतो.

रस्त्याचं कारण खोटं आहे. खरं कारण तुला हास्यास्पद वाटेल, आणि ते आहेच. ज्युडिथचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात ती नवऱ्याला, रोरीला, घेऊन आम्हाला भेटायला वेल्सला आली होती. विल्फ्रेड कॅरव्हान मागे घेत होता, मी नेहमीप्रमाणे चुकीच्या ठिकाणी उभी होते, आणि गाडी रखवालदाराच्या गुलाबाच्या वाफ्यात जाऊन आडवी अडकली. सगळ्या पडद्यांआडून माणसं बघत होती. आणि रोरी हसला. मोठ्याने, पोट धरून. त्याचं बघून ज्युडिथही हसली. विल्फ्रेड आत गेला आणि दार लावून घेतलं. ते दार अजून उघडलेलं नाही. नऊ वर्षं, मुरिएल, एका हसण्यापायी.

कर्स्टीला मी फक्त फोटोत पाहिलं आहे. दर वाढदिवसाला स्वेटर विणते आणि पोस्टाने पाठवत नाही, कारण माप ठाऊक नाही. सगळे कपाटात आहेत. तू म्हणशील, आगगाडीने जा. मी एकदा म्हणाले होते. तो म्हणाला, "जा की, कोण अडवतंय?" आणि मग आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हा वाटायचं, एखाद्या वर्षी त्याचं मन फिरेल आणि तो स्वतःच गाडी उत्तरेला वळवेल. आता तेही संपलं. आता मी त्याला सोडून कुठे जाऊ नये असं सगळे म्हणतील, आणि मीही म्हणेन.

गाडी चालवायचा परवाना माझ्याकडेही आहे. एकदा फाटकाला ओरखडा गेला, तेव्हापासून चावी हातात मिळाली नाही.

मी भित्री आहे. अशा बाईला कुणीतरी येऊन हाताला धरून न्यावं लागतं.

तुझी,
एडना


बेव्हर्ली
१८ एप्रिल १९९४

प्रिय विल्फ्रेड,

तुझा हात बरा होवो.

तू म्हणालास तेच खरं निघालं. पुढे जाणं मला जमतं, मागे जाणं जमतं, पण मी एकाच वेळी गाडीत आणि गाडीच्या मागे असू शकत नाही. मागे उभं राहणारं माणूस हवं. तुझ्याकडे तीस वर्षं शिकवून तयार केलेलं एक आहे. जॅक किंवा पाना उसना देतात तसं मला ते मे महिन्यात थोडे दिवस उसनं दे. उत्तरेकडे निघते आहे, तुझ्या दारावरूनच जाणार. जिथवर गाडी नेईल तिथवर जाऊ आणि तिला परत आणून सोडीन.

तू नाही म्हणशीलच. तुझ्यासारख्या माणसाला चहा स्वतः करून प्यावा लागला तर पृथ्वी थांबते.

मुरिएल


कार्नफर्थ
२३ एप्रिल १९९४

मुरिएल,

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. अक्षराबद्दल बोलू नकोस.

ने तिला. मला चहा येतो. डबे उघडता येतात.

फाटकातून आत येऊ नकोस, खांब पाडशील. रस्त्यावरच थांब. तिला नकाशा देऊ नकोस, उलटा धरते. चाकाला हात लावू देऊ नकोस. गॅस रोज रात्री बंद कर.

माझी पाणसळ घेऊन जा, गाडी सपाट उभी आहे की नाही ते बघायची. चांगली पितळी आहे. मला सध्या लागत नाही.

१२ मेच्या गुरुवारपर्यंत परत आण.

विल्फ्रेड


लॉकइन्व्हर
१४ मे १९९४

प्रिय विल्फ्रेड,

हे पत्र मी मासळीच्या खोक्यांवर नावं घालायच्या जाड पेनाने, एका पानावर चार-चार ओळी अशी लिहिते आहे. म्हणजे तुला कागद बाजूला धरून स्वतः वाचता येईल. शेजारच्या पॉम्फ्रेटकडे वाचून घ्यायला नेऊ नकोस. त्याच्याही पडद्यांआडून बघायच्या सवयी आहेत.

गुरुवार होऊन गेला. मी आलेले नाही. मी लॉकइन्व्हरला आहे, ज्युडिथकडे. ठरवूनच आले. तुला न सांगता आले कारण सांगितलं असतं तर तू बोलणं बंद केलं असतंस, आणि तुझं न बोलणं मी बरीच वर्षं ऐकलं आहे.

ड्रमॉक्टर घाटाच्या उतारावर एक लांबलचक लॉरी आम्हाला ओलांडून गेली आणि कॅरव्हान झोके घ्यायला लागली. आधी थोडी, मग अशी की मागची खिडकी मला बाजूच्या काचेत दिसली. मुरिएलचा पाय ब्रेककडे गेला. मी म्हणाले, "ब्रेकला पाय लावायचा नाही. चाक सरळ धर. पाय उचल. तोंड बंद ठेव." अगदी तुझ्या आवाजात म्हणाले, मलाच दचकायला झालं. तिने ऐकलं. गाडी हळूहळू शांत झाली. पुढे खाचेत थांबवून ती म्हणाली, "तो माणूस असह्य आहे, पण आज त्याच्यामुळे आपण जिवंत आहोत." हे तुला कळवलं पाहिजे म्हणून कळवते. मागे उघडून बघितलं तर मुरिएलने जॅमच्या बरण्या पार शेवटच्या कपाटात ठेवल्या होत्या. तुम्ही दोघं भावंडं आहात यात शंका नाही.

तिथून पुढे गाडी मी चालवली. मुरिएलने चावी माझ्या हातात दिली. तो तुझा अशक्य रस्ता मी ओढत आणला, विल्फ्रेड. समोरून मासळीची लॉरी आली तेव्हा मी मागे गेले, खाचेत उभी राहिले, आणि तिच्या ड्रायव्हरने हात हलवला. नकाशा सुलटा होता.

इथल्या जागेवर मात्र फजिती झाली. मी मागे घेत होते, मुरिएल हातवारे करत होती, आणि तिचे हातवारे म्हणजे वाढप्यांना हुकूम सोडल्यासारखे. गाडी दगडी बांध आणि नळ यांच्यामध्ये अशी आडवी बसली की पुढेही जाईना आणि मागेही. इथे कुणी पडद्यांआड राहत नाही, सगळे बाहेर आले. आणि हसले. रोरी बांधावर बसून डोळे पुसत होता. ज्युडिथ हसत होती. तिच्या कमरेला धरून एक पोरगी उभी होती, तीही हसत होती, पुढचे दोन दात नसलेलं हसू. तीस वर्षांत मी कॅरव्हानच्या आसपास कधी हसले नव्हते. मी उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि इतकी हसले की मुरिएलला वाटलं मला झटका आला.

मग रोरी दोर घेऊन आला. मी त्याला विचारलं, तेव्हा वेल्सला का हसलास? तो म्हणाला, "आमच्याकडे गाय चिखलात रुतली, होडी उलटी लागली, तरी आधी हसतात, मग दोर आणतात. हसल्याशिवाय दोर आणला तर माणसाला वाटतं आपलं काही भलतंच झालं. मी दोर आणायलाच वळलो होतो. परत येईतो तुमचं दार बंद."

कर्स्टीला स्वेटर सगळे लहान होतात, एक सोडून. तो तिने काल रात्री झोपतानाही काढला नाही.

ज्युडिथने काल विचारलं, "बाबा माझं नाव घेतात का?" मी खोटं सांगणार होते. मग म्हटलं, "नाही." ती भांडी घासत राहिली. तिची मान तुझ्यासारखी आहे, अपमान झाला की ताठ होते.

कपाटात खाली सुपाचे डबे आहेत. लाल चिठ्ठीचे टोमॅटोचे. परत कधी येईन ते अजून ठरवलेलं नाही.

एडना


कार्नफर्थ
१९ मे १९९४

एडना,

पत्र वाचलं. दोन दिवस लागले. अक्षर एवढं मोठं काढायची गरज नव्हती.

मला फसवलंस असं समजू नकोस. तू स्वेटरांचं कपाट उघडलंस त्या दिवशी डांबराच्या गोळ्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. नुसतं फिरायला जाताना लहान मुलीचे स्वेटर कुणी नेत नाही. माझे डोळे गेले आहेत, नाक नाही. मुरिएलला गुरुवार सांगितला तो फक्त मर्यादा म्हणून. तिला मर्यादा लागते.

जॅमच्या बरण्या मागच्या टोकाला. शाळेतली पोरं जगली कशी ते कळत नाही. आणि माझ्या बियरच्या डब्यांचंही मला माहीत होतं. वेल्सला पोचल्यावर दरवेळी पुढच्या कपाटात सापडायचे. गाडी इतकी वर्षं सरळ का चालते याचा मला विचार करावा लागला नाही, हे माझं नशीब समजतो.

दोर आणायला वळला होता म्हणे. मग वळताना तसं सांगायचं होतं. व्हायोलिन शिकवणाऱ्याला तोंड असतं ना? नऊ वर्षं लागतात का एक दोर आणायला?

तू लिहिलं आहेस त्यावरून ती गाडी बांध आणि नळ यांच्यात अडकते अशा जागी उभी केली आहे. म्हणजे निघताना पुन्हा काढावी लागेल, उतारावरून, मागे. तू चालवणार, आणि मुरिएल हातवारे करणार. तुम्ही दोघी मिळून त्या माणसांचा बांध पाडाल, आणि मग त्या गावात आपल्याला कायमची नावं ठेवतील. हे मी होऊ देणार नाही. मागे उभं राहायला कुणीतरी जाणकार हवा. मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, आणि कॅरव्हान मागे घेताना कडेखेरीज बघायचं असतं काय?

इन्व्हर्नेसपर्यंत आगगाडी आहे, पुढे बस. वेळापत्रक मला पॉम्फ्रेटने वाचून दाखवलं. त्याला वाटलं मी फिरायला चाललो आहे.

मी कुणाला भेटायला येत नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. ज्युडिथला म्हणावं, बसथांब्यावर उभी राहायची असेल तर उभी राहा. तिचा नवरा हसणारच असेल तर माझ्यासमोर हसू दे. पण दोर बरोबर घेऊन यायला सांग.

विल्फ्रेड

ताजा कलम. लाल चिठ्ठीचे डबे टोमॅटोचे नाहीत, तीन दिवस मी वाटाणे खातो आहे.


लॉकइन्व्हर
२३ मे १९९४
(पोस्टकार्ड, जाड पेनाने)

ये.

बसथांब्यावर ज्युडिथ असेल. कर्स्टीही येईल. ती तुझ्या समोर नाही, बाजूला उभी राहील, मी तिला सांगितलं आहे.

गाडी मीच काढणार. तू आरशात दिसशील असा उभा राहा. दिसला नाहीस तर मी थांबणार नाही.

एडना